‘मी पण’ म्हणायला इंग्रजीत एवढे काळ कशाला?

सेलूकर | सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

बी-बियाण्याचं दुकान आहे माझं. इंग्रजीशी संबंध फवारणीच्या बाटलीवरच्या लेबलापुरता. पण आठ दिवस झाले, घरात इंग्रजीच्या बारा काळांनी काळ आणलाय. लेक सातवीला, सेमी इंग्रजी. शुक्रवारी चाचणी. ती एक वाक्य म्हणणार आन् मी त्याला होकार भरायचा, असा सराव.

“आय लाईक हुरडा.”
मी म्हणलो, “येस येस, आय ऑल्सो.”
“असं नाही पप्पा. सो डू आय.”
बरं. सो डू आय. पाठ केलं.
“आय वेंट टू जिंतूर.”
“सो डू आय.”
“सो डिड आय!”
“आय अ‍ॅम टायर्ड.”
“सो डिड आय.”
“सो अ‍ॅम आय! पप्पा, तुम्ही लक्षच देईनात.”

पुढं ‘हॅव’ आलं, मग ‘विल’ आलं, मग नकाराला नकार जोडायचा तर ‘नीदर’ आलं. आतून बायको म्हणली, “मी पण म्हणा आन् ताटावर या.”

तर माझा प्रश्न तिचाच. ‘मी पण’ एवढ्या दोन शब्दांत आपलं भागतंय. समोरच्यानं काल केलं, आज करायलाय, उद्या करणार, काही का असंना. मग नुसतं हो म्हणायला इंग्रजीत काळ कशाला लागतो? आन् ते लोक घरात बसल्यावर पण असंच बोलतेत का?

---

ज्वारीची भाकर | सोमवार, रात्री ९:४६

+१

---

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:५१

भाकर, प्रश्न विचारलाय त्यांनी. +१ कशाला?

---

ज्वारीची भाकर | सोमवार, रात्री ९:५३

प्रश्नालाच +१. आय हॅव द सेम क्वेश्चन. आता कोणीतरी ‘सो हॅव आय’ म्हणा.

---

खडू-फळा | सोमवार, रात्री १०:२०

कोणीही म्हणू नका, गुण जातील. ‘आय हॅव अ क्वेश्चन’मध्ये ‘हॅव’ मुख्य क्रियापद आहे, म्हणून ‘सो डू आय’. ‘आय हॅव फिनिश्ड’मध्ये तेच ‘हॅव’ सहायक आहे, तिथं ‘सो हॅव आय’.

सेलूकर, मी जालना जिल्ह्यात २६ वर्षं हेच शिकवतोय. पोरांना मी हमालाची गोष्ट सांगतो. इंग्रजी वाक्यात काळाचं ओझं उचलणारा एक हमाल असतो. अ‍ॅम, इज, हॅव, विल, कॅन, हे दिसणारे हमाल. ‘आय लाईक’, ‘आय वेंट’ या वाक्यांत हमाल दिसत नाही, क्रियापदच आपली पिशवी आपण उचलतं. पण प्रश्न विचारा, नकार द्या किंवा होकार भरा, की लपलेला हमाल बाहेर येतो. ‘लाईक’मधून डू, ‘वेंट’मधून डिड. दुजोरा देताना अख्खं वाक्य परत म्हणायचं नसतं, फक्त हमालाला हाक मारायची. समोरच्या वाक्यात जो असेल तोच. तुम्ही ‘वेंट’च्या गाडीला ‘डू’ नावाचा हमाल पाठवला, म्हणून लेक चिडली.

आणि एक. आपल्यात काळ लागत नाही हे खरं नाही. “जेवलास का?” विचारल्यावर तुम्ही काय म्हणता? “जेवलो.” “गेल्तास का?” “गेल्तो.” नुसतं ‘हो’ कमीच येतं, आपण क्रियापदच परत फेकतो, काळासकट. इंग्रज हमाल परत पाठवतो, आपण सामान परत पाठवतो.

---

नांदेडची पोर | सोमवार, रात्री १०:३१

शिवाय आपलं सामान बाई-माणूस बघून बदलतं. मी म्हणणार ‘गेल्ते’, सेलूकर म्हणणार ‘गेल्तो’, आन् घरचे सगळे मिळून ‘गेल्ताव’. इंग्रजांनी मराठी शिकायची ठरवली तर त्यांची लेक पण बापावर चिडल.

---

पेठेतला | सोमवार, रात्री १०:४४

गेल्तो, गेल्ते, गेल्ताव. हे नक्की मराठीच चाललंय ना? ;)

---

मांजराकाठ | सोमवार, रात्री ११:०५

आले बघा.

पेठेतले भाऊ, तुमच्याच गावात शिकायला होतो मी. खोलीत पहिल्या रात्री डबा उघडून बसलो. रूमपार्टनर बाहेरून ओरडला, “काय करतोयस रे?” मी म्हणलो, “जेवूलालो.” थोडा वेळ शांतता. मग दारातून डोकं आत आलं आन् म्हणलं, “लालो कोण?”

चार वर्षं मला लालो म्हणायचा तो. अजून फोनमध्ये माझं नाव तेच आहे त्याच्या.

आता काळाचाच धागा आहे तर सांगतो. लातूर-धाराशिवकडं ‘करूलालो’, परभणी-हिंगोलीकडं ‘करायलो’. दोन्ही ‘लागलो’ची झिजलेली रूपं. करू लागलो, करायला लागलो. म्हणजे बांधा भूतकाळाचा आन् अर्थ आत्ताचा. पुण्यात ‘करतोय’ म्हणत्यात, आमच्यात ‘करायला सुरुवात केली ती अजून चालूच हाय’. बघा, कोणाचा चालू वर्तमानकाळ जास्त चालू हाय.

---

पेठेतला | सोमवार, रात्री ११:१२

मान्य. हे मला खरंच माहीत नव्हतं. लालोला नमस्कार.

---

दोनच | मंगळवार, सकाळी ७:१५

बारा काळ, बारा काळ काय लावलंय? इंग्रजीत क्रियापदाचं रूप बदलून होणारे काळ दोनच. गो आणि वेंट. बाकी सगळी जोडणी. भविष्यकाळाचं तर स्वतःचं रूपच नाही. ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छिणे’, जर्मनमध्ये ‘विल’ अजूनही त्याच अर्थानं आहे. आपल्याकडं ‘येईन’ असं स्वतंत्र रूप आहे. त्या बाबतीत मराठी श्रीमंत.

पोरांना तीन काळ आणि चार प्रकार असा चौकोनी तक्ता पाठ करायला लावतात, ती शिकवण्याची सोय आहे. भाषा नव्हे. तक्ता संपतो, बोलणं सुरूच होत नाही.

---

खडू-फळा | मंगळवार, सकाळी ७:५०

तुमचं शास्त्र बरोबर. पण वर्गात ४२ पोरं आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही. त्यांना ‘काळ दोनच’ म्हणालो तर ती दोनच शिकून घरी जातील. तक्ता ही काठी आहे. चालता आलं की टाकून द्यायची. काठीला नावं ठेवणारे बहुतेक चांगल्या रस्त्यावर वाढलेले असतात.

खरी अडचण कुठं येते ते सांगतो. सगळ्या वर्गात दरवर्षी एकच चूक: ‘आय हॅड गॉन टू परभणी यस्टरडे.’ पुस्तकात ‘हॅड गॉन’ कधी? दोन जुन्या घटना असतील आणि त्यातली आधीची सांगायची असेल तेव्हा. ‘मी पोचलो तोवर गाडी गेली होती’, तिथं ‘हॅड’. नुसतं काल गेलो तर ‘वेंट’. मग पोरं ‘हॅड’ का घालतात? कारण आपण ‘काल परभणीला गेल्तो’ म्हणतो. आपल्यात ‘गेला’ म्हणजे अजून तिकडंच, ‘गेल्ता’ म्हणजे जाऊन आला. हा फरक पोरांच्या डोक्यात पक्का असतो. ती ‘गेल्तो’चा शब्दाला शब्द लावतात, गेलो-होतो, गॉन-हॅड. चूक इंग्रजीची, पण विचार अगदी सरळ केलेला असतो. लाल शाई मारायला हात वळत नाही. मारतो तरी.

---

येडशीचा घाट | मंगळवार, सकाळी ८:०२

आन् ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स’?

---

खडू-फळा | मंगळवार, सकाळी ८:१०

त्याची पण तीच गत. ‘पाच वर्षांपासून राहायलो’ इथं आपल्याला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मागचं टोक आणि आजचं टोक दोन्ही बांधायचं असतं, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. आणि मुदत सांगायची तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स’ला सुरुवातीची खूण लागते, सिन्स २०१९ वगैरे. आता शाळेला निघतो.

---

गोदामाय | मंगळवार, दुपारी १:३०

सेलूकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडं कोणी गेलंच नाही. ते लोक घरात कसं बोलतात? मी सांगते, कारण सहा वर्षं परदेशी ग्राहकांचे फोन घेतलेत.

‘सो डू आय’ वापरतात, पण थोडंच. ‘यप’, ‘शुअर’, ‘यू बेट’, ‘फेअर इनफ’, ‘टोटली’ हे दिवसभर. आणि काही होकार असे की ऐकून होकार वाटतच नाहीत. मी नवीन होते. ऑस्ट्रेलियातले एक आजोबा लाईनवर. त्यांचं काहीतरी अपडेट होत होतं, आम्ही दोघं वाट बघत बसलेलो. बोलायचं काहीतरी म्हणून मी म्हणलं, इथं फार ऊन आहे हो. ते म्हणाले, “टेल मी अबाऊट इट.”

मी सांगायला लागले. परभणीचा पारा, ४४ अंश, गच्चीवर टाकी तापते, दुपारी नळाला उकळतं पाणी येतं, कूलरला वाळा लावतात, वाळा म्हणजे काय, तो कुठं मिळतो. आजोबा मधून मधून ‘राईट’, ‘राईट’ करत होते. अपडेट होऊन चार मिनिटं झाली तरी मी वाळ्यावरच. नंतर टीमलीडरनं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. ‘टेल मी अबाऊट इट’ म्हणजे ‘अहो, मला काय सांगता, मी पण तेच भोगतोय’. सांगू नका असा अर्थ! आपलं ‘सांगायलीस कुणाला?’ असतं ना, अगदी ते.

आजोबा मात्र भले. शेवटी म्हणाले, वाळ्याबद्दल माहिती दिल्याबद्दल आभारी आहे.

---

ज्वारीची भाकर | मंगळवार, दुपारी १:४४

यू कॅन से दॅट अगेन.

---

गोदामाय | मंगळवार, दुपारी १:४५

सेलूकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडं कोणी गेलंच नाही. ते लोक घरात कसं बोलतात? मी सांगते, कारण सहा वर्षं

---

नांदेडची पोर | मंगळवार, दुपारी १:४९

हसून चहा सांडला. परत नका म्हणू, त्याचा पण अर्थ ‘अगदी बरोबर’ एवढाच आहे.

---

आगटी | मंगळवार, दुपारी ३:२०

‘यू बेट’वरून आठवलं. आमचं चिरंजीव बारावीला, लातूरला खोली करून. मी मेसेज टाकला, रविवारी भेटायला येतो, डबा आणतो. उत्तर आलं: ‘बेट’. एवढंच. माझ्या काळजात धस्स. क्रिकेटचे सामने चालू होते. म्हणलं, लागला कार्टा सट्ट्याच्या नादाला. रविवारची वाट न बघता गुरुवारीच गाडी काढली. खोलीवर जाऊन पाकीट बघितलं, मोबाईल बघितला, पार्टनरला बाजूला घेऊन विचारलं. पोरं हसून लोळायली. नव्या पोरांच्यात ‘बेट’ म्हणजे ‘ठरलं’.

डबा गुरुवारचाच खाल्ला. रविवारी परत न्यावा लागला तो वेगळा.

---

दोनच | मंगळवार, दुपारी ३:४१

त्यात नवल काय? आपण ‘लागली पैज!’ म्हणतो ते दरवेळी पैशाची पैज असते का?

---

तारायंत्र | मंगळवार, सायंकाळी ६:००

निवृत्त माणूस आहे, संदेश पाठवण्या-घेण्यात नोकरी गेली. होकाराचे दोन शब्द माझ्या खात्यातले.

एक, ‘रॉजर’. पोरं सिनेमा बघून कशालाही ‘रॉजर’ म्हणतात. तो होकार नाही. पोच आहे. ‘रिसीव्हड’चं पहिलं अक्षर आर, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या अक्षरमालेत आर म्हणजे ‘रॉजर’. १९५६ पासून नव्या मालेत आर म्हणजे ‘रोमिओ’ झालं, पण पोच देणारा रॉजर तसाच राहिला. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. करतो म्हणायचं तर ‘विल्को’, म्हणजे ‘विल कम्प्लाय’. एक भूतकाळ, दुसरा भविष्यकाळ. आमच्या हिला मी ४० वर्षं ‘रॉजर’ देत आलोय, ती ‘विल्को’ समजते.

दुसरा, ‘ओके’. त्याच्या जन्माच्या पन्नास कथा फिरतात. छापील पुरावा आहे तो बोस्टनच्या एका वर्तमानपत्रातला, २३ मार्च १८३९. तेव्हा तिकडं मुद्दाम चुकीचं लिहून त्याची आद्याक्षरं करायची टूम होती. ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल करेक्ट’ केलं आणि त्याचं ओके. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हॅन ब्युरेनच्या लोकांनी तो उचलला, कारण त्याचं गाव किंडरहूक, म्हणून तो ‘ओल्ड किंडरहूक’. त्या टुमेतले बाकीचे शब्द मेले, हा जगभर पसरला. म्हणजे सगळं बरोबर आहे हे सांगणारा शब्द चुकीच्या स्पेलिंगमधून निघालाय. खडू-फळा सर, लाल शाई जरा जपून.

---

खडू-फळा | मंगळवार, सायंकाळी ६:२५

रॉजर.

---

नांदेडची पोर | मंगळवार, सायंकाळी ६:४०

आमच्या आजीसमोर माझा भाऊ फोनवर ‘ओकी डोकी, ओकी डोकी’ करत होता. आजी बिछान्यावरून उठून बसली. “कोण ओकलं गं? हळद-मीठ दे त्याला.”

तिला सांगितलं, आजी, ते ‘बरं’ म्हणायलाय. तर म्हणली, “मग डोकीचं काय?” भाऊ म्हणला, काही नाही, उगं जोडीला. ते तिला लगेच पटलं. चहाबिहा, पाणीबिणी, ओकीडोकी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं गोळ्या समजावून सांगितल्या तर आजी म्हणली, “ओकीबिकी.”

---

पेठेतला | मंगळवार, रात्री ८:१५

आजींना दंडवत. ओकीबिकी आजपासून आमच्या घरात लागू.

बरं, तुमच्याकडच्या ‘हो’बद्दल पण लिहा की कोणीतरी. मला लालोमुळे फक्त ‘व्हय की’ माहीत आहे.

---

दख्खनी | मंगळवार, रात्री ९:३०

पेठेतले, एका गावात चार सापडतील. शेतातला ‘व्हय’. विदर्भाच्या अंगाला ‘हाव’. बाजारपेठेत, मोंढ्यात, मोहल्ल्यात ‘हौ’, तो दख्खनीतला. “हौ भाई, नक्को भाई” हे हैदराबादेत ऐकाल तसंच नांदेडात ऐकाल. देगलूर-उदगीरकडं जा, कानडी माणूस ‘हौदु’ म्हणतो, तेलुगू माणूस ‘अवुनु’. कुणी कुणाकडून उचललं त्यात मी पडत नाही, तीनशे पोस्टी होतील. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. माझे आजोबा उर्दूतून शिकलेले, त्यामुळं घरात मोठ्यांना ‘जी हाँ’, गड्याला ‘व्हय’, दुकानात ‘हौ’ आणि देवापुढं ‘मम’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पूजेत गुरुजी सगळा संकल्प म्हणतात, यजमानानं फक्त ‘मम’ म्हणायचं. मम म्हणजे माझं. न ऐकता, न समजता दिलेला होकार म्हणजे मम. मोबाईलवर आपण ‘अटी मान्य’ दाबतो ना, ते आधुनिक मम.

---

आगटी | मंगळवार, रात्री ९:५२

हुंकारा राहिला. आमची आजी रात्री गोष्ट सांगायची तर मधूनमधून ‘हूं’ म्हणायचंच. नाही म्हणलं की गोष्ट तिथंच थांबायची, राजा घोड्यावर टांग टाकलेला तसाच. मला झोप येत असली तर धाकट्याला चिमटा काढून त्याला ‘हूं’ म्हणायला लावायचो. सकाळी त्याला गोष्टीचा शेवट माहीत असायचा, मला नाही.

---

येडशीचा घाट | बुधवार, सकाळी ९:१०

गमती पुरे. होकारानं नुकसान कसं होतं ते ऐका. नव्या नोकरीत, बाहेरदेशी साहेब. फोनवर विचारतो, “डिडन्ट यू गेट माय मेल?” मला मेल मिळाला नव्हता. मी म्हणलो, “येस सर.” माझ्या मनात, हो साहेब, नाही मिळाला. त्याच्या कानात, हो, मिळाला. दोन दिवस तो माझ्या उत्तराची वाट बघायला, मी त्याच्या मेलची. तिसऱ्या दिवशी जे झालं ते इथं लिहीत नाही.

“जेवला नाहीस का?” “हो, नाही जेवलो.” आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो. ते घडलं की नाही त्याला हो म्हणतेत. हे मला १६ वर्षांच्या शिक्षणात एकानं सांगितलं नाही. बारा काळ मात्र झोपेत विचारा.

---

दोनच | बुधवार, सकाळी ९:३५

जुन्या इंग्रजांना ही अडचण होती, म्हणून त्यांच्याकडं ‘हो’ दोन होते. साध्या प्रश्नाला ‘ये’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’. नकारालाही तशीच जोडी, ‘ने’ आणि ‘नो’. पुढं ‘येस’नं सगळी जागा बळकावली. तुम्ही चारशे-पाचशे वर्षं उशिरा नोकरीला लागलात.

आता सोपा नियम: असा प्रश्न आला की येस-नोच्या भानगडीत न पडता हमालाला हाक मारायची. “आय डिडन्ट.” विषय संपला.

---

खडू-फळा | बुधवार, सकाळी ९:४८

हमाल म्हणालात. तक्तेवाल्याचा शब्द वापरलात. नोंद घेतली आहे.

---

तारायंत्र | बुधवार, दुपारी १२:१५

एक राहिलं. ‘डिट्टो’. आपण मराठीत ‘डिट्टो बापावर गेलाय’ म्हणतो तेच. मूळ इटालियन, अर्थ ‘म्हटलेलं’. म्हणजे भूतकाळी रूप. दुजोऱ्याला भूतकाळ फार जवळचा दिसतो. इंग्रज ‘डन’ म्हणतो, ‘अ‍ॅग्रीड’ म्हणतो, ‘गॉचा’ म्हणतो, ‘गॉट यू’चं कडबोळं. काम अजून व्हायचंय, शब्द झाल्याचा.

---

मांजराकाठ | बुधवार, दुपारी १२:४०

तारायंत्र काका, हे तर आपल्या अंगणातलं. ठरलं. जमलं. झालं समजा. आलोच.

‘आलोच’ हा मराठवाड्यातला खास काळ हाय, तक्त्यात चौदावा घाला. रूप भूतकाळाचं, माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो. उतरंड अशी: ‘आलोच’ म्हणला तर अर्ध्या-पाऊण तासात. ‘येऊलालो’ म्हणला तर निघालाय, पण वाटेत हाटेल हाय. ‘येतो’ म्हणला तर संध्याकाळपर्यंत धरा. आन् ‘येईन’ म्हणला तर? येत नाही. दोनच साहेबांनी वर ज्याचं कौतुक केलं ते ‘श्रीमंत रूप’ आमच्याकडं नाही म्हणायला वापरत्यात.

---

दोनच | बुधवार, दुपारी १:०२

निरुत्तर.

---

ज्वारीची भाकर | बुधवार, दुपारी १:०४

तेरावा कुठं गेला?

---

मांजराकाठ | बुधवार, दुपारी १:१०

तेरावा दुष्काळ.

---

गोदामाय | गुरुवार, सकाळी १०:२५

धागा फिरून आला नाही अजून. सेलूकर, उद्या चाचणी ना लेकीची? तिला माझ्याकडून एक सांगा. पेपरात ‘सो डू आय’च लिही. पण कुणाशी बोलताना अडकलीस तर ‘मी टू’ म्हण. त्याला काळ लागत नाही, हमाल लागत नाही. काल गेलं, उद्या जाणार, काहीही असो, ‘मी टू’. समोरच्यानं ‘नाही’ म्हणलं असेल तर मात्र ‘मी नीदर’, ते सांभाळायचं. वर ‘मी पण’ला जोड नाही असं वाटलं, ती ही जोड. शिवाय त्यातलं ‘मी’ आपलंच वाटतं की.

---

सेलूकर | गुरुवार, रात्री ९:१५

ताई, हे आधी सांगितलं असतं तर बायकोपुढं मान वर राहिली असती. तिचंच खरं निघालं. मी पण म्हणा आन् ताटावर या.

सगळे निरोप लेकीला वाचून दाखवले. हमाल तिला पटला. ‘लालो कोण’वर दहा मिनिटं हसली. अभ्यास किती झाला ते विचारू नका.

---

सेलूकर | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

चाचणी झाली. दहापैकी आठ बरोबर असं ती म्हणायली. एक चुकला ‘हॅव’चा, खडू-फळा सरांनी पहिल्याच रात्री सांगितलेला. दुसरा माझ्यामुळं. प्रश्न होता, ‘आय डोन्ट लाईक टी.’ हिनं लिहिलं, ‘बट आय डू.’ म्हणली, खोटं कसं लिहू?

तर या निमित्तानं, रविवारी आपल्या शेतावर हुरडा. गूळभेंडी ज्वारी आहे, दाणा दुधात आलाय. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ घरचा. सेलूहून पाथरी रस्त्यानं यायचं. कोण कोण येणार?

---

मांजराकाठ | शुक्रवार, सायंकाळी ६:३३

आलोच.

---

नांदेडची पोर | शुक्रवार, सायंकाळी ६:३८

मी टू. आजीला पण आणते. ओकीबिकी.

---

तारायंत्र | शुक्रवार, सायंकाळी ६:५०

विल्को.

---

आगटी | शुक्रवार, सायंकाळी ६:५२

बेट. आगटी मी पेटवणार, नावाला जागायला नको का. गोवऱ्या वाळलेल्या ठेवा.

---

खडू-फळा | शुक्रवार, रात्री ८:००

सो विल आय. (आगटीभाऊ ‘पेटवणार’ म्हणाले, म्हणून ‘विल’.)

---

पेठेतला | शुक्रवार, रात्री ८:२०

वा! पत्ता पाठवून ठेवा. जमलं तर नक्की येईन.

---

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ८:२१

सेलूकर, ह्यांची कणसं तोडू नका.